सोलापूरच्या हवेत घरच्या घरी अंडी उबवताना

अंडी उबवण्याचे मूळ नियम सगळीकडे सारखेच आहेत. कोंबडीच्या अंड्यातून पिल्लू बाहेर पडायला 21 दिवस लागतात, तापमान 37.5 अंश सेल्सिअसच्या आसपास राखावे लागते, आणि आर्द्रता पहिले 18 दिवस साधारण 50 ते 55 टक्के, तर शेवटचे तीन दिवस 65 ते 70 टक्के असावी लागते. मात्र हे नियम कसे पाळावेत हे सांगणारी बरीचशी माहिती थंड खोल्या गृहीत धरून लिहिलेली असते. सोलापुरात अडचण उलट बाजूने येते. घरगुती इन्क्युबेटर, म्हणजे अंडी उबवण्याची पेटी, हवा तापवू शकतो, थंड करू शकत नाही. तापमान राखणाऱ्या थर्मोस्टॅटने ऊब देणारा बल्ब बंद केला, तरी खोलीच 41 अंशांवर असेल तर पेटीतील अंडीही हळूहळू त्याच तापमानाला पोहोचतात, आणि अशी उष्णता काही तास टिकली की गर्भ दगावू लागतात. म्हणून कोणते यंत्र घ्यावे, याआधी कोणत्या महिन्यात अंडी ठेवावीत, हे ठरवावे.

मार्चच्या मध्यापासून मेअखेरपर्यंत यंत्र बंद ठेवणे शहाणपणाचे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा सर्वांत भरवशाचा काळ; पावसाळ्यातही अंडी चांगली उबतात, फक्त पाण्याचा हिशेब बदलतो, तो पुढे येईलच. पेटी पत्र्याखालच्या खोलीत, खिडकीसमोर किंवा कूलरच्या झोतात ठेवू नये. जुन्या माळवदाच्या घरातील आतली खोली यासाठी उत्तम, कारण तेथील दिवसरात्रीच्या तापमानात फार फरक पडत नाही.

अंडी निवडताना पहिली अट अशी की ती फलित असली पाहिजेत. किराणा दुकानात मिळणारी पांढरी अंडी कोंबडा नसलेल्या लेयर फार्मवरची, म्हणजे फक्त अंड्यांसाठी कोंबड्या पाळणाऱ्या ठिकाणची असतात. त्यांना कितीही ऊब दिली तरी पिल्लू निघत नाही. दर आठ ते दहा कोंबड्यांमागे एक तरणाबांड कोंबडा असलेल्या कळपातील अंडी घ्यावीत. वनराज किंवा गिरिराजसारख्या सुधारित संकरित कोंबड्यांची अंडीही उबतात, पण त्यांची पुढची पिढी आईबापांइतकी सरस आणि एकसारखी निघत नाही, हे आधीच ध्यानात घ्यावे. फार लांबट, पातळ कवचाची, दोन बलकांची, तडा गेलेली किंवा विष्ठेने माखलेली अंडी बाजूला काढावीत. अंडी धुऊ नयेत, कारण कवचावरील नैसर्गिक थर निघून गेला की जंतू आत शिरतात. मोहोळ किंवा बार्शीकडून एसटीने अंडी आणली असतील, तर निमुळते टोक खाली करून ती एक दिवस स्वस्थ ठेवावीत, म्हणजे धक्क्यांनी हललेली, रुंद टोकातील हवेची पोकळी जागेवर बसते.

आपल्याकडे बरीच अंडी यंत्रात जाण्यापूर्वीच खराब होतात. साठवणीचे योग्य तापमान 15 ते 18 अंश आहे. खोली पंचवीस-तीस अंशांवर असली की गर्भाची वाढ अर्धवट सुरू होते, मग रेंगाळते आणि मरते. अंडे वरून मात्र ताजेच दिसते. फ्रिज याउलट फार थंड पडतो. त्यावर जुना उपाय असा: ओल्या वाळूत अर्धे पुरलेले मातीचे मडके घ्यावे, आत कोरडे गवत अंथरून अंडी निमुळते टोक खाली ठेवावीत, तोंडावर कापड बांधावे आणि वाळू रोज शिंपावी. तरीही सात दिवसांपेक्षा जुनी अंडी ठेवू नयेत, आणि हवा तापलेली असेल तर तीन-चार दिवसांतच ती यंत्रात जावीत.

अंडी ठेवण्यापूर्वी यंत्र रिकामे चालवून पूर्ण एक दिवस पाहावे. पंखा असलेल्या यंत्रात 37.5 अंश हे माप बरोबर आहे. पंखा नसलेल्या थर्माकोलच्या पेटीत मात्र वरची हवा गरम आणि खालची गार राहते, म्हणून थर्मामीटर अंड्यांच्या वरच्या पातळीला ठेवून तेथे साधारण 38.5 अंश धरावेत. स्वस्त आर्द्रतामापकावर डोळे झाकून विश्वास ठेवू नये. एका झाकणात मीठ घेऊन ते पाण्याने चिखलाइतके ओले करावे, मापकासह घट्ट डब्यात सात-आठ तास बंद ठेवावे. मापकाने 75 टक्के दाखवले पाहिजेत. तो 68 दाखवत असेल, तर पुढे प्रत्येक वेळी सात मिळवून वाचावे.

प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीने एका बाजूला फुली आणि दुसऱ्या बाजूला गोल काढावा. यंत्रात फिरवण्याची सोय नसेल तर अंडी दिवसातून तीन किंवा पाच वेळा उलटावीत. विषम संख्या अशासाठी की रात्रीची लांब वेळ रोज एकाच कुशीवर जाऊ नये. न उलटलेल्या अंड्यातील गर्भ आतल्या पापुद्र्याला चिकटतो.

सातव्या रात्री खोलीत अंधार करून अंड्याच्या रुंद टोकाला मोबाइलचा टॉर्च लावावा, हाताच्या मुठीने कडेचा उजेड अडवावा. जिवंत अंड्यात एक काळसर ठिपका आणि त्यातून सर्व बाजूंना फुटलेल्या लाल शिरांचे जाळे दिसते. थोडा वेळ पाहिले तर ठिपका हलतोही. आरपार पिवळसर उजळलेले अंडे अफलित समजावे. शिरांऐवजी फक्त एक लाल कडे दिसले, तर गर्भ सुरुवातीलाच मेलेला असतो. अशी अंडी काढून टाकावीत, कारण यंत्रात कुजलेले अंडे फुटले की शेजारची अंडीही नासतात. शंका असलेल्या अंड्यावर खूण करून चौदाव्या दिवशी पुन्हा पाहावे. गावरान अंड्याचे कवच तपकिरी आणि जाड असते, तेथे घाईने निकाल देऊ नये.

आता पाण्याचा हिशेब. अठराव्या दिवसापर्यंत अंड्याचे वजन साधारण 12 ते 14 टक्के घटले पाहिजे. तेवढे पाणी उडाले तरच हवेची पोकळी पुरेशी मोठी होते आणि पिल्लाला पहिला श्वास मिळतो. म्हणून सर्व अंडी सुरुवातीला एकत्र तोलावीत. 20 अंडी 1000 ग्रॅम भरली, तर सातव्या दिवशी, खराब अंडी काढण्यापूर्वी, ती 950 ग्रॅमच्या आसपास यावीत. वजन 930 वर आले असेल तर हवा फार कोरडी आहे. सोलापूरच्या फेब्रुवारीत बहुतेकदा हेच होते. अशा वेळी पाण्याची वाटी खोल करून उपयोग नाही, पसरट ताटली ठेवावी किंवा वाटीत ओला स्पंज उभा करावा, कारण ओलावा पाण्याच्या पृष्ठभागावरून सुटतो, पाणी किती खोल आहे यावर ते अवलंबून नसते. पावसाळ्यात याउलट 975 ग्रॅम भरली, तर पाणी कमी करावे आणि हवेची भोके मोकळी ठेवावीत. माझ्या मते शंभर रुपयांच्या मापकापेक्षा स्वयंपाकघरातील काटा अधिक खरे बोलतो.

वीज गेल्यास घाबरून पेटी उघडू नये. गार हवेत ती सोलापुरी चादरीने लपेटली की तास-दोन तास सहज निभावतात. शेवटच्या आठवड्यात मात्र भोके झाकू नयेत, कारण वाढलेल्या गर्भाला प्राणवायू लागतो आणि तो स्वतःही उष्णता सोडत असतो. अंड्याला थोडा वेळ लागलेल्या गारव्यापेक्षा जास्तीची उष्णता अधिक घातक ठरते.

अठराव्या दिवशी उलटणे थांबवावे, जाळीवर खडबडीत कापड अंथरावे, आर्द्रता वाढवावी आणि त्यानंतर झाकण उघडू नये. हा संयम सर्वांत कठीण असतो. पिल्लू आधी आत हवेच्या पोकळीत चोच घालते, मग कवचाला छोटे छिद्र पाडते, आणि त्यानंतर बारा ते चोवीस तास जवळजवळ काहीच घडत नाही. या वेळात ते उरलेला बलक पोटात ओढून घेत असते आणि पापुद्र्यातील रक्तवाहिन्या आटत असतात. कवच सोलून मदत करायला गेल्यास त्याच वाहिन्या फाटतात. शिवाय झाकण उघडताच बाहेरची कोरडी हवा आत जाते, पापुद्रा चामड्यासारखा आकसतो आणि पिल्लू त्यातच अडकते. पिल्ले विसाव्या दिवसापूर्वीच निघाली तर तापमान जास्त होते, बाविसावा-तेविसावा दिवस उजाडला तर कमी होते, असे समजून पुढच्या खेपेला दुरुस्ती करावी.

घरात खुडूक बसलेली गावरान कोंबडी असेल, तर दहा-बारा अंड्यांसाठी यंत्राचा खटाटोप करूच नये. रात्रीच्या वेळी तिला हलक्या हाताने डालग्यातील गवतावर बसवावे, गोचीड-पिसवा आधीच तपासाव्यात, दाणापाणी जवळ ठेवावे आणि मांजर-मुंगसापासून आडोसा करावा. ती दिवसातून एकदा खाण्यासाठी उठते, त्याची काळजी करू नये.

अंड्यातील बलकावर पिल्लू दोन दिवस सहज राहते, म्हणून अंग पूर्ण कोरडे झाल्यावरच त्याला बाहेर काढावे. पहिल्या आठवड्यात बल्बखाली 33 ते 35 अंश ऊब द्यावी आणि दर आठवड्याला सुमारे तीन अंश कमी करावी. पिल्ले बल्बखाली गर्दी करून चिवचिवत असतील तर बल्ब खाली घ्यावा, कडेला पांगून धापा टाकत असतील तर वर ओढावा. पाण्याचे भांडे उथळ ठेवावे, त्यात गोटे टाकावेत, म्हणजे पिल्ले बुडत नाहीत. पहिल्या दोन दिवसांत भरडलेली ज्वारी किंवा मका चालतो, पण त्यानंतर चिक स्टार्टर, म्हणजे लहान पिल्लांचे तयार खाद्य लागतेच. मानमोडी, म्हणजेच राणीखेत रोगाची लासोटा लस पाचव्या ते सातव्या दिवशी डोळ्यात किंवा नाकपुडीत थेंब टाकून देतात. लसीची बाटली बर्फात ठेवून आणावी आणि कालवल्यावर दोन तासांच्या आत, शक्यतो सकाळच्या गारव्यात संपवावी. पुढील लसींचे वेळापत्रक जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातून त्याच वेळी लिहून घ्यावे.