मोठी फाइल मोडेमवरून पाठवताय? या चुका टाळा

१.४४ एमबीच्या फ्लॉपीत जेमतेम मावेल एवढी फाइल २४०० बीपीएसच्या, म्हणजे टेलिफोनवरून सेकंदाला २४०० बिट नेणाऱ्या, मोडेमवरून जायला पावणेदोन तास लागतात. एका बाइटमागे आठ बिट, शिवाय सुरुवातीचा एक आणि शेवटचा एक, असे दहा धरा. म्हणजे सेकंदाला फक्त २४० बाइट. एवढा वेळ बसल्यावर झिप, म्हणजे दाबून लहान केलेली फाइल, उघडत नाही, तेव्हा सगळा राग टेलिफोनच्या लाइनवर निघतो. माझाही निघायचा. मुंबईच्या एका युनिक्स मशीनवरची फाइल मी पुण्यातल्या डॉस पीसीवर रात्री एस.टी.डी. लावून आणत असे. सलग तीन रात्री ती बिघडून आली, तेव्हा लाइनमनला बोलावून खांबापासून घरापर्यंतची तार तपासून घेतली. तारेत काहीच दोष नव्हता. फाइल मी टेक्स्ट मोडमध्ये आणत होतो.

म्हणून जुनी मशीन जपणारं कुणी ‘ट्रान्सफर होत नाही’ म्हणालं, की मी आधी दोन गोष्टी विचारतो: कुठे अडकतं? आणि आलेल्या फाइलचा आकार किती?

नेमकी कुठे थांबते, हे न बघणं

दर वेळी वेगळ्या ठिकाणी थांबत असेल, तर लाइनवर किंवा पीसीच्या सीरियल पोर्टवर, म्हणजे मोडेम जिथे जोडतात त्या खाचेवर, संशय घ्या. पण दर वेळी त्याच बाइटला थांबत असेल, तर लाइन निर्दोष आहे. त्या जागचा बाइटच कुणीतरी हुकूम समजून गिळतंय. बहुतेकदा तो १९ क्रमांकाचा, म्हणजे कंट्रोल-एस असतो. सॉफ्टवेअर फ्लो कंट्रोल, म्हणजे डेटातल्याच बाइटांनी ‘थांब’ आणि ‘चल’ सांगायची सोय, चालू असेल तर त्याचा अर्थ ‘थांब’ असा होतो, आणि १७ क्रमांकाचा बाइट येईपर्यंत सगळं ठप्प. उपाय म्हणजे दोन्हीकडे आरटीएस-सीटीएसचा, म्हणजे केबलमधल्या वेगळ्या तारांवरून इशारा देणारा, हार्डवेअर फ्लो कंट्रोल लावणं. ते जमत नसेल तर झेडमोडेम या फाइल पाठवायच्या प्रोटोकॉलला (ठरलेल्या पद्धतीला) कंट्रोल अक्षरं एस्केप करायला, म्हणजे वेगळ्या खुणेने पाठवायला, सांगा. मधे टेलनेट, म्हणजे नेटवर्कवरून दुसऱ्या मशीनवर शिरायची सोय, असेल तर २५५ हा बाइटही असाच घात करतो.

आकार न तपासणं

माझ्या मते सगळ्यात जास्त माहिती इथे मिळते, आणि इथेच कुणी बघत नाही. युनिक्समध्ये ओळ संपते तिथे एकच बाइट असतो, १०. डॉसमध्ये दोन, १३ आणि १०. जुन्या मॅकिंटॉशवर नुसता १३. टेक्स्ट मोड हा फरक आपणहून मिटवतो. पत्रासाठी ते चांगलं, झिपसाठी विष. झिपमध्ये सरासरी दर २५६ बाइटमागे एक १० निघतो, म्हणून युनिक्सकडून डॉसकडे येताना दहा लाख बाइटची फाइल साधारण ३,९०० बाइटांनी फुगते. एवढी वाढ दिसली की पुढचा तपास नको, एकही बाइट न बदलणारा बायनरी मोड लावा. उलट दिशेने, डॉसकडून युनिक्सकडे जाताना, ती जेमतेम पंधराएक बाइटांनी घटते. ते नजरेला येत नाही, आणि फाइल तरीही बिघडलेलीच असते.

फाइल थोडीशीच, १२८ बाइटपेक्षा कमी वाढली असेल तर घाबरू नका. वॉर्ड क्रिस्टेन्सन यांचा १९७७चा एक्समोडेम हा प्रोटोकॉल १२८ बाइटचे ठोकळे पाठवतो आणि शेवटचा ठोकळा भरून काढतो. झिप सहसा ते चालवून घेते.

आकार तंतोतंत, तरी आतला मजकूर बिघडलेला? मग वाटेत कुणीतरी आठवा बिट छाटतंय. एका बाजूला ८-एन-१ (आठ बिट, पॅरिटी नाही) आणि दुसरीकडे ७-ई-१ (सात बिट आणि चूक ओळखायचा एक पॅरिटी बिट) असं होऊन बसतं. केवळ सात बिट सोडणाऱ्या वाटेवर मी दुसऱ्या कशाचा विचारच करत नाही, कर्मिट हा प्रोटोकॉल वापरतो. कोलंबिया विद्यापीठात १९८१ साली फ्रँक दा क्रूझ आणि बिल कॅचिंग्ज यांनी तो एकमेकांशी न जुळणाऱ्या मशीनसाठीच घडवला. पण पॅरिटी कोणती हे त्याला सांगायला विसरू नका. ती कळली की आठवा बिट तो वेगळ्या खुणेने पाठवतो.

कर्मिट हळू आहे ही तक्रार बरीचशी लहान पॅकेटची आहे. पॅकेटची लांबी वाढवा आणि स्लायडिंग विंडो लावा, म्हणजे पोच येण्याची वाट न बघता पुढची पॅकेट सुटतात, मग बघा.

पोर्टचा वेग उगाच चढवणं

जुन्या सीरियल पोर्टमधल्या ८२५० चिपला एका वेळी एकच बाइट धरून ठेवता येतो. तिथे ५७,६०० बीपीएस लावलंत तर बाइट निसटणारच. तेवढा वेग हवा असेल तर १६ बाइटचा बफर असलेली १६५५०ए चिप लागते, नाहीतर १९,२०० वर समाधान माना. आणि झिप पाठवताना मोडेमचं एमएनपी-५ कॉम्प्रेशन, म्हणजे जाता जाता डेटा दाबायची सोय, बंद ठेवा. आधीच दाबलेली फाइल त्याने उलट फुगते.

तुकडे चुकीचे जोडणं

फार मोठी फाइल तुकडे करून पाठवणं शहाणपणाचं. मात्र डॉसवर ते जोडताना कॉपी आज्ञेला /बी लावलं नाही, तर प्रत्येक तुकडा पहिल्या कंट्रोल-झेडपाशी संपला असं डॉस धरतो. एवढ्या रात्री जागून आणलेलं शेवटच्या पायरीवर वाया जातं, याचं मला फार वाईट वाटतं. झेडमोडेम दोन्हीकडे असेल तर तुकड्यांची गरजही कमी पडते. चक फोर्सबर्ग यांच्या या १९८६च्या प्रोटोकॉलमध्ये फोन तुटला तरी राहिल्या जागेपासून पुढे सुरू करता येतं.

इंटरनेट फोनवर ५६केची अपेक्षा

दोन घरगुती मोडेम आपसात ३३,६०० बीपीएसच्या वर जातच नाहीत. ५६के, म्हणजे ५६ हजार बीपीएससाठी, एका टोकाला डिजिटल जोडणी लागते. तुमची लाइन इंटरनेटवरून जात असेल तर कोडेक (आवाजाचे आकडे करायची पद्धत) जी-७११ निवडा आणि वेग मुद्दाम ९,६०० पर्यंत उतरवा. आवाज दाबणाऱ्या कोडेकमधून मोडेमचा सूर शाबूत जात नाही.

मोठी फाइल लावण्याआधी ० ते २५५ हे सगळे बाइट ओळीने असलेली २५६ बाइटची एक फाइल बनवा. ती तिकडे पाठवा, परत मागवा आणि मूळ फाइलशी जुळवा. जिथे फरक दिसेल तो बाइटच सांगेल काय चुकलंय. मग खरी झिप पाठवा, आणि पलीकडे तिची चाचणी पूर्ण होईपर्यंत फोन ठेवू नका, मूळ फाइलही पुसू नका.