समुद्रकाठच्या व्यवसायात सीसीटीव्ही कसे बसवावेत

जुलै आला की किनाऱ्यावरून फोन सुरू होतात, "कॅमेरा पावसात गेला." उतरवून टेबलावर जोडून पाहिला तर कॅमेरा बहुधा ठणठणीत असतो. गेलेला असतो त्याच्या मागचा जॉइंट. दापोली, हर्णै, आंजर्ले या पट्ट्यात खानावळी, होमस्टे, मासळीची दुकानं आणि काजूचे कारखाने यांना कॅमेरे बसवून देणं हे माझं काम. शहरातल्या सल्ल्यांवर विसंबून इथल्या माणसाचे पैसे वाया गेले की जीव तुटतो. त्या सल्ल्यांत खारा वारा नसतोच. कोणता कॅमेरा घ्यावा यावर तासभर बोलतात, आणि वायर जिथे जोडली जाते त्या दोन इंचांबद्दल अवाक्षर नाही.

जागा

मालकांचा पहिला प्रश्न असतो, कामगारांवर लक्ष कुठून राहील? मी त्यांना विचारतो, रात्री साडेदहाला काउंटरवर मुलगी एकटी असते, तिच्याशी कोणी हुज्जत घातली तर काय दिसायला हवं? नोट पाचशेची दिली की दोनशेची, हा वाद गर्दीच्या दिवसांत ठरलेला. तिथे गिऱ्हाइकाचा चेहरा आणि गल्ल्यापाशी नोट देणारे-घेणारे हात, दोन्ही दिसलेच पाहिजेत. ते दिसले की खोट्या आरोपातून कामगार जागच्या जागी सुटतो. म्हणून पहिला कॅमेरा काउंटरच्या मागे, सात-आठ फूट उंचीवर, गिऱ्हाइकाकडे तोंड करून. छताच्या कोपऱ्यातून नुसते डोक्यांचे माथे दिसतात.

अनोळखी माणूस ओळखू यायचा तर चित्रात दर मीटरला साधारण २५० पिक्सेल लागतात. २ मेगापिक्सेल कॅमेऱ्याचं चित्र १९२० पिक्सेल रुंद असतं, म्हणजे त्यात साडेसात मीटरपेक्षा जास्त रुंदी घेऊन चालत नाही. २.८ मिलिमीटरची लेन्स हे काम जेमतेम दहा फुटांपर्यंत करते, ६ मिलिमीटरची पंचवीस फुटांपर्यंत. 'एकाच कॅमेऱ्यात अख्खं अंगण' असं सांगणाऱ्याचं ऐकू नका. अंगण दिसेल, फाटकातून आलेल्या माणसाचा चेहरा दिसणार नाही. फाटकाला ६ मिलिमीटरचाच लावा.

कॅमेऱ्याचं तोंड समुद्राकडे ठेवू नका. आपल्याकडे समुद्र पश्चिमेला. सूर्य कलला की दारातला माणूस नुसता काळा आकार होतो, आणि नेमकी तीच गर्दीची वेळ. दुसरी जागाच नसेल तर डब्ल्यूडीआर, म्हणजे मागून उजेड असतानाही चेहरा दाखवणारी सोय, असलेला कॅमेरा घ्या. आणि पावसाळ्यात पडवीला ताडपत्री किंवा झाप कुठे बांधता, ते घरच्यांना आधी विचारा. मे महिन्यात उत्तम वाटलेली जागा जूनमध्ये निळ्या प्लास्टिकच्या आड जाते.

रेकॉर्डर, वीज, वायर

रेकॉर्डर उंचावर, कुलपात. २२ जुलै २०२१ला चिपळूणच्या बाजारपेठेत पाणी शिरलं तेव्हा टेबलाखालचा रेकॉर्डर वाचायची शक्यताच नव्हती. माळ्यावर ठेवा, वारा लागू द्या.

२ मेगापिक्सेलचे चार कॅमेरे अखंड चालू असतील तर दिवसाला ८५ जीबीच्या आसपास भरतं. १ टीबीची डिस्क अकरा-बारा दिवस पुरते. निदान २ टीबी घ्या, तीही सीसीटीव्हीसाठीची, जुन्या कॉम्प्युटरमधली काढलेली नको.

रेकॉर्डर आणि राउटर दोन्ही इन्व्हर्टरवर. मळभ दाटून विजा कडाडायला लागल्या की एका इमारतीतून दुसरीत उघड्यावरून ओढलेली तांब्याची केबल झटका थेट रेकॉर्डरपर्यंत आणते. तिथे सर्ज प्रोटेक्टर (असा झटका अडवणारं उपकरण) आणि नीट अर्थिंग हवंच.

वायर शुद्ध तांब्याची घ्या. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर दिवसा चालते. रात्री अंधारात पाहण्यासाठीचे कॅमेऱ्यातले इन्फ्रारेड दिवे लागले की कॅमेरा जास्त करंट ओढतो, लांबच्या टोकाला व्होल्टेज पडतं आणि कॅमेरा चालू-बंद होत राहतो. मग दोष कॅमेऱ्याला.

जॉइंट

आता खरं काम. या टप्प्याने सुरुवातीला मलाही फार छळलंय, म्हणून सविस्तर सांगतो.

हवेत दमटपणा साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेला की मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं आणि पाझरतं. पावसाळ्यात किनाऱ्यावर दमटपणा बहुतेक वेळ त्याच्या वरच असतो. म्हणजे कनेक्टरवर बसलेला मिठाचा पातळ थर पाऊस न लागताही ओला राहतो. त्यातून १२ व्होल्टचा डीसी वाहत असला की धनाग्राचं, म्हणजे प्लस टोकाचं, तांबं झपाट्याने झिजतं. असा कनेक्टर उघडून पाहा. आत हिरवट-पांढरा भुगा असतो, पिनेला नख लावलं तर ती मोडून हातात येते. डब्यावर आयपी ६७, म्हणजे धूळ-पाणी आत न शिरण्याचा दर्जा, लिहिलेलं असतं ते कॅमेऱ्याच्या अंगाबद्दल. त्याच्या शेपटीच्या, म्हणजे मागून निघणाऱ्या वायरीच्या, टोकाला लोंबणारे दोन कनेक्टर त्यात धरलेले नसतात. म्हणून महागडा कॅमेरा घेऊन शेपटी बाहेर लोंबत ठेवण्यापेक्षा मध्यम कॅमेरा आणि चांगला बॉक्स कधीही बरा.

प्रत्येक बाहेरच्या कॅमेऱ्यामागे प्लास्टिकचा जंक्शन बॉक्स हवा. पत्र्याचा नको. केबल बॉक्समध्ये खालच्या बाजूने, ग्लँडमधून (केबलभोवती घट्ट आवळणाऱ्या बुचातून) घ्या. आत शिरण्याआधी ती चार-पाच बोटं खाली उतरवून मग वर वळवा, म्हणजे केबलवरून ओघळणारं पाणी त्या वळणावरून गळून पडेल. वरच्या बाजूला भोक पाडू नका, कितीही सिलिकॉन भरलंत तरी.

नेटवर्क केबल असेल तर वॉटरप्रूफ टोपी प्लग क्रिंप करायच्या (पकडीने दाबून बसवायच्या) आधी केबलमध्ये ओवावी लागते. घाईत ती पिशवीतच राहते आणि मग 'चालतं तसंच' म्हणून सोडून देतात. सोडू नका. प्लग कापा, टोपी ओवा, पुन्हा क्रिंप करा. पिनांवर डायइलेक्ट्रिक ग्रीसचा, म्हणजे वीज न वाहणाऱ्या आणि ओल अडवणाऱ्या ग्रीसचा, थेंब द्या.

त्यावर टेप. साधी काळी इन्सुलेशन टेप एकटी लावणं हा या धंद्यातला सगळ्यात वाईट सल्ला आहे. उन्हाने तिचा गोंद पातळ होतो, कड सुटते आणि आत गेलेलं पाणी बाहेर येत नाही. आपलं आपल्यालाच चिकटणारी रबरी टेप मिळते, ती घ्या. ताणून जवळजवळ दुप्पट करायची आणि अर्धा पदर वर ठेवत खालून वर गुंडाळत जायची, कौलं चढवतात तशी, म्हणजे पाणी पदरावरून खाली जातं. काळी टेप हवी तर तिच्यावरून, उन्हापासून आडोसा म्हणून.

सिलिकॉन घेताना ट्यूब उघडून वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर ते जॉइंटजवळ वापरू नका. सुकताना त्यातून ॲसेटिक ॲसिड सुटतं आणि ते तांबं खातं. 'न्यूट्रल' लिहिलेलं मागा. बॉक्स भिंतीला टेकतो तिथे वरून आणि दोन्ही बाजूंनी सिलिकॉन भरा, खालची कड मोकळी सोडा. बॉक्सच्या तळाला एक बारीक भोकही ठेवा. पूर्ण बंद केलेल्या बॉक्समध्ये आतल्या हवेचंच पाणी होऊन साचतं.

जॉइंट भर उन्हात, कोरड्या दिवशी करायचा. मृगाआधी. पावसाच्या उघडिपीत बांधलेला जॉइंट ओलावा आत घेऊनच बंद होतो. कोणी कितीही गळ घातली तरी जुलैमध्ये मी बाहेरचा नवा जॉइंट करत नाही, तात्पुरता कॅमेरा आत लावून देतो.

स्क्रू ३१६ दर्जाच्या स्टेनलेस स्टीलचे. काळे स्क्रू एका पावसात भिंतीवर तांबडे ओघळ सोडतात. चिऱ्याच्या भिंतीत भोक ड्रिलचा हॅमर (ठोके) बंद ठेवून पाडा आणि लांब प्लग वापरा. चिरा मऊ असतो, छोटा प्लग वाऱ्याने ढिला होतो. शक्य तिथे दार-खिडकीवरच्या सिमेंटच्या लिंटेलला किंवा वाशाला धरा.

कामगारांचा विश्वास

कॅमेरे कुठे आहेत आणि रेकॉर्डिंग कोण पाहतं, हे पहिल्याच दिवशी सगळ्यांना सांगा. काजूच्या कारखान्यात बायका दिवसभर बसून काम करतात. त्यांच्यावर रोखलेला आणि मालकाच्या मोबाइलवर सतत उघडा असलेला कॅमेरा मी बसवून देत नाही. वाट, दार, गोदाम, वजनकाटा एवढं पुरतं. कपडे बदलायची जागा, न्हाणीघर, कामगारांची झोपायची खोली, पाहुण्यांची खोली इथे कॅमेरा नाही म्हणजे नाही. स्त्रीचं खासगी क्षणी चित्रण करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे, पहिल्याच वेळी एक ते तीन वर्षं कैद.

काम आटोपल्यावर पासवर्ड बदला. मी बसवलं असेल तरी मला न सांगता बदला.

छळाची, मारहाणीची किंवा चोरीच्या आरोपाची तक्रार कानावर आली की त्याच दिवशी ते रेकॉर्डिंग पेनड्राइव्हवर काढा. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाबाबत २०१३च्या कायद्याने तक्रारीला तीन महिन्यांची मुदत आहे, तुमची डिस्क तीन आठवड्यांत जुन्या रेकॉर्डिंगवरच नवं लिहायला लागते. बाई धीर करून बोलेपर्यंत पुरावा पुसला गेलेला असतो. म्हणून नुसती कुजबुज कानावर आली तरी काढून ठेवा. स्क्रीनचं मोबाइलने घेतलेलं चित्रण देऊ नका, मूळ फाइल द्या. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे अशा पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं, ते वकिलाकडून नीट करून घ्या. रेकॉर्डरचं घड्याळ अर्धा तास मागे-पुढे असेल तर समोरचा वकील तिथेच बोट ठेवील. वेळ इंटरनेटवरून आपोआप जुळेल असं सेटिंग करा आणि टाइम झोन +५:३० आहे ना, तपासा.

देखभाल

महिन्यातून एकदा काच गोड्या पाण्यात भिजवलेल्या मऊ फडक्याने पुसा. कोरडं फडकं मिठाच्या कणांनी काच खरवडतं. रात्रीच्या चित्रात पांढरे झोत दिसले तर बहुतेक वेळा ते कोळ्याचं जाळं असतं. इन्फ्रारेड दिव्याकडे किडे येतात, किड्यांमागे कोळी. कुंच्याने काढा, कीटकनाशक काचेवर मारू नका. बॉक्सचं झाकण वर्षातून दोनदा उघडा, मे महिन्यात आणि दिवाळीच्या आसपास. हिरवट डाग दिसला तर तेवढा कनेक्टर लगेच कापून नवा लावा. आणि दर सोमवारी दहा दिवसांपूर्वीचं रेकॉर्डिंग उघडून पाहा. स्क्रीनवर थेट चित्र दिसतं याचा अर्थ डिस्क लिहिते आहे असा होत नाही.