क्लायंट सर्टिफिकेट लॉगिन लावताय? या चुका टाळा

पासवर्डऐवजी युजरच्या ब्राउझरमधलं सर्टिफिकेट तपासून आत सोडायचं, ते हे लॉगिन. यात सगळ्यात कॉमन घोळ सीएच्या (सर्टिफिकेटवर सही करून ते देणाऱ्याच्या) फाइलचा. एनजिनएक्स या वेब सर्व्हरमध्ये त्या सेटिंगचं नावच 'एसएसएल क्लायंट सर्टिफिकेट', त्यामुळे लोक तिथे युजरचं सर्टिफिकेट नेऊन टाकतात, पण लागतं ते त्यावर सही करणाऱ्या सीएचं. याहून वाईट म्हणजे वेबसाइटचं सर्टिफिकेट ज्या पब्लिक सीएकडून घेतलं त्याचीच फाइल इथेही लावणं, मग त्या सीएकडून क्लायंटला चालणारं सर्टिफिकेट मिळवलेला कोणीही सर्व्हरला ओळखीचा वाटतो. लॉगिनसाठी स्वतःचा वेगळा सीए बनवा, विषय संपला.

आता सर्टिफिकेट निवडायचा पॉपअप. ब्राउझर सर्टिफिकेट विचारतच नाहीये यात माझी अख्खी दुपार गेलीय. होतं असं की सर्व्हर आपल्याला चालणाऱ्या सीएंची नावं पाठवतो, आणि त्यात बसणारं सर्टिफिकेट ब्राउझरकडे नसलं की तो काही न बोलता तसाच पुढे जातो, आपल्याला दिसतो नुसता 400 एरर. ओपनएसएसएल या सर्टिफिकेटच्या टूलची एस-क्लायंट कमांड मारून ती यादी बघा. माझ्या यादीत जुनाच सीए होता, कारण फाइल बदलली आणि सर्व्हरला रीलोड मारायचं राहिलं! कधी कधी युजरने प्रायव्हेट की (सर्टिफिकेटची गुप्त जोडी) सोडून नुसतं सर्टिफिकेट इम्पोर्ट केलेलं असतं, म्हणून दोन्ही एकत्र असलेली पी12 फाइलच द्या. ओपनएसएसएल 3 ने बनवलेली पी12 जुन्या विंडोज किंवा मॅकवर, पासवर्ड बरोबर असूनही, चुकीचा म्हणून परत येते, तेव्हा लेगसी ऑप्शन लावून परत बनवा.

सर्टिफिकेट तपासायच्या सेटिंगमध्ये 'ऑप्शनल' मोड ठेवला असेल तर सर्टिफिकेट नसलेलाही आत येतो बरं का, व्हेरिफायचं उत्तर 'सक्सेस' आलं का हे तुम्हालाच तपासावं लागतं.

अपाचे या दुसऱ्या वेब सर्व्हरमध्ये फक्त एका फोल्डरपुरतं सर्टिफिकेट मागायचा मोह होतो. टीएलएस 1.3 मध्ये (सुरक्षित कनेक्शनचा प्रोटोकॉल) जुनं रीनेगोशिएशन, म्हणजे चालू कनेक्शनमध्ये परत बोलणी करून सर्टिफिकेट मागणं, राहिलं नाही आणि त्याजागी आलेली सोय ब्राउझर देत नाहीत, त्यामुळे थेट 403 एरर. सरळ वेगळं सबडोमेन करा आणि त्याच्या अख्ख्या व्हर्च्युअल होस्टला (म्हणजे त्या सबडोमेनच्या कॉन्फिगला) लावा.

आणि सीआरएल, म्हणजे रद्द सर्टिफिकेटांची यादी. तिलाही एक्सपायरी असते, ओपनएसएसएलच्या डिफॉल्ट कॉन्फिगमध्ये 30 दिवस, आणि ती उलटली की रद्द झालेलेच काय, सगळेच युजर एकदम बाहेर. क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी आपोआप कमांड चालवणारं टूल) नवी यादी बनवायची कमांड टाका, आणि तिच्याच खाली रीलोडची.