कॅसेटवरच्या मैफली क्लाउडवर ठेवताना: आधी पडताळणी, मग जागेची बचत

ग्वाल्हेरात १९१४ साली शंकर गांधर्व महाविद्यालय आणि १९१८ साली माधव संगीत महाविद्यालय सुरू झाले, आणि पुढे ज्या घरांत गाणे मुरले त्या घरांत खासगी बैठकींच्या कॅसेट साठत गेल्या. अशा ध्वनिमुद्रणाची दुसरी प्रत बहुधा कोठेच नसते, म्हणून ते संगणकावर उतरवून क्लाउडवर ठेवताना जागा वाचवण्याच्या घाईत एखादी तान कायमची गमावणे परवडणारे नाही.

सीडीच्या दर्जाची वेव्ह फाइल (आवाज न दाबता जसाच्या तसा साठवणारी) मिनिटाला सुमारे १०.६ एमबी जागा घेते. म्हणजे ९० मिनिटांची एक कॅसेट ९५० एमबीच्या घरात जाते आणि गूगल खात्यातील मोफत १५ जीबी जागा पंधराएक कॅसेटींतच भरते. याहून बारकाईने, म्हणजे २४ बिट, ९६ किलोहर्ट्झवर (सेकंदाला आवाजाचे ९६ हजार नमुने घेऊन, प्रत्येक नमुना २४ बिटांत) नोंद केल्यास तीच कॅसेट ३ जीबींहून अधिक जागा खाते. नमुन्यांच्या दराच्या निम्म्यापर्यंतची कंपने नोंदता येतात आणि कॅसेटवर २० किलोहर्ट्झच्या वरची कंपने फारशी नसतात, त्यामुळे २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ पुरेसे आहे, असे माझे मत आहे.

जागा वाचवण्यासाठी मूळ प्रतीचे एमपी३ करू नये, कारण त्यात गाळलेला आवाज परत मिळवता येत नाही. वेव्हची झिप करूनही विशेष बचत होत नाही. योग्य मार्ग फ्लॅक या फाइल-प्रकाराचा आहे: त्यात आवाजाचा एकही कण न गमावता आकार साधारण निम्म्याच्या आसपास येतो, मात्र कॅसेटची खरखर जितकी जास्त, तितकी बचत कमी. रूपांतर करताना ‘व्हेरिफाय’ हा पर्याय अवश्य चालू ठेवावा, म्हणजे तयार होणारी फाइल तिथल्या तिथे उलगडून मूळ आवाजाशी ताडली जाते. कॉम्प्रेशनची पातळी ० ते ८ यांपैकी कोणतीही घेतली तरी आवाज तोच राहतो, फरक पडतो तो वेळेत आणि आकारात.

फ्लॅकचा आणखी एक गुण मला फार मोलाचा वाटतो. मूळ आवाजाचा एमडी५ चेकसम (मजकुरावरून गणिताने काढलेला, बोटाच्या ठशासारखा छोटा आकडा) फाइलच्या आरंभीच नोंदलेला असतो, त्यामुळे पुढे राग, गायक किंवा तारीख यांच्या टॅगमध्ये, म्हणजे फाइलमध्येच लिहिलेल्या माहितीत, दुरुस्ती केली तरी तो बदलत नाही आणि फ्लॅकच्या ‘टेस्ट’ आज्ञेने आवाज शाबूत आहे की नाही ते केव्हाही कळते. संपूर्ण फाइलचा शा-२५६ या दुसऱ्या पद्धतीचा चेकसम मात्र टॅगमधील एक अक्षर बदलले तरी पूर्ण वेगळा येतो. म्हणून टॅगचे काम आधी संपवावे, मग सर्व फाइलींच्या शा-२५६ चेकसमची यादी करावी आणि ती क्लाउडखेरीज एखाद्या पेन ड्राइव्हवरही ठेवावी. विंडोजमध्ये सर्टयूटिल (certutil) आणि लिनक्समध्ये शा२५६सम (sha256sum) या आज्ञा हे काम करतात.

अपलोड झाल्यावर फाइलींची संख्या आणि आकार जुळला एवढ्यावर समाधान मानू नये, कारण आकार तोच राहूनही आतला मजकूर बिघडलेला असू शकतो. आरक्लोन (rclone) या मोफत साधनाची ‘चेक’ आज्ञा संगणकावरील आणि क्लाउडवरील फाइलींचे आकार व हॅश, म्हणजे चेकसमच, ताडते आणि कशालाही हात लावत नाही. गूगल ड्राइव्ह प्रत्येक फाइलचा एमडी५ देत असल्याने ही तपासणी फाइल न उतरवताच होते. अधिक खात्री हवी असेल तर ‘डाउनलोड’ पर्याय जोडावा, म्हणजे प्रत्येक फाइल प्रत्यक्ष वाचून ताडली जाते. याला इंटरनेटचा डेटा बराच लागतो. ही तपासणी निर्दोष पार पडेपर्यंत संगणकावरील वेव्ह पुसू नये.

गूगल ड्राइव्हवर एकाच फोल्डरमध्ये एकाच नावाच्या दोन फाइली राहू शकतात, त्यामुळे जागा वायाही जाते आणि गोंधळही होतो. आरक्लोनच्या ‘डिड्यूप’ने त्या शोधाव्यात, पण पहिल्यांदा ‘ड्राय-रन’ (प्रत्यक्ष काही न पुसता घेतलेली चाचणी) लावून काय पुसले जाणार आहे ते वाचून घ्यावे. पुसलेल्या फाइली ट्रॅशमध्ये ३० दिवस राहतात आणि तोवर जागा अडवतात.

सिंक, म्हणजे संगणकावरचा प्रत्येक बदल आपोआप क्लाउडवर नेणे, हा बॅकअप नव्हे: संगणकावरची फाइल बिघडली तर सिंक तोच बिघाड क्लाउडवर नेते. म्हणून वर्षातून एकदा तरी जुनी यादी काढून चेकसम पुन्हा ताडावेत. एखादा जुळला नाही, तर लगेच कोणतीही प्रत दुसरीवर चढवू नये. दोन्ही प्रती वेगळ्या ठेवून प्रत्येकीवर फ्लॅकची ‘टेस्ट’ चालवावी आणि जी प्रत तीत उतरेल व यादीशीही जुळेल, तिच्यावरूनच नवी प्रत करावी.