‘ड’ जीवनसत्त्वाची पुडी आणि खिशातली विडी

रक्ततपासणीच्या अहवालात ‘ड’ जीवनसत्त्वासमोर ‘कमी’ असा शेरा आला, की आपल्याकडे पुढचा क्रम बहुधा ठरलेला असतो. औषधाच्या दुकानातून साठ हजार युनिटची पुडी आणायची, रविवारी सकाळी ती दुधात ढवळून घ्यायची आणि हाडांची काळजी मिटली असे समजायचे. त्याच माणसाच्या खिशात विडीचे बंडल किंवा सिगरेटचे पाकीट असले, तरी अहवालाशी त्याचा काही संबंध आहे असे त्याला वाटत नाही, आणि गर्दीने भरलेल्या दवाखान्यात तो प्रश्न पुष्कळदा विचारलाही जात नाही. हा लेख अशा वाचकासाठी आहे. पुडीने धुराची भरपाई होत नाही. मात्र जीवनसत्त्वाची तूट भरून काढणे आणि धूम्रपान सोडणे ही दोन्ही कामे एकाच तीन महिन्यांत बसवता येतात.

या दोहोंचा संबंध आधी समजून घ्यावा. आपल्या त्वचेत कोलेस्टेरॉलच्या जातीचा एक पदार्थ असतो; उन्हातील अतिनील-ब किरण त्यावर पडले, की त्यापासून ‘ड’ जीवनसत्त्व तयार होते. ते यकृतात जाऊन साठवणीच्या रूपात बदलते आणि शेवटी मूत्रपिंडात क्रियाशील होते. तपासणीत मोजतात ते यकृतात तयार होणारे रूप, म्हणजे २५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी. क्रियाशील रूपाचे मुख्य काम आतड्यातून कॅल्शियम शोषून घेण्यास मदत करणे हे आहे. जीवनसत्त्व अपुरे असेल, तर अन्नातील कॅल्शियमपैकी जेमतेम १० ते १५ टक्के शोषले जाते. पुरेसे असेल, तर हेच प्रमाण ३० ते ४० टक्क्यांवर जाते. तूट दीर्घकाळ टिकली, तर लहान मुलांना मुडदूस होतो आणि मोठ्या माणसांची हाडे मऊ पडतात. कंबर, मांड्या आणि बरगड्या खोलवर ठणकतात, उकिडवे बसल्यावर उठताना हाताचा टेका घ्यावा लागतो आणि जिना चढणे जड जाते.

तंबाखूचा धूर याच साखळीवर घाव घालतो. धूम्रपान करणाऱ्यांच्या रक्तात या जीवनसत्त्वाचे प्रमाण सरासरीने कमी असते, असे निरनिराळ्या देशांतील पाहण्यांत आढळले आहे, आणि त्यांच्या आतड्यातून कॅल्शियमही कमी शोषले जाते. निकोटिनमुळे रक्तवाहिन्या आकसतात, कार्बन मोनॉक्साइडमुळे रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता घटते, आणि स्त्रियांमध्ये हाडांचे रक्षण करणाऱ्या इस्ट्रोजेनचा प्रभाव कमी होऊन पाळी एक-दोन वर्षे आधीच थांबते. मोडलेले हाड धूम्रपान करणाऱ्या माणसात उशिरा जुळते. मणक्याचे सांधे जोडण्याच्या शस्त्रक्रियेपूर्वी सिगरेट बंद करण्याची अट शल्यचिकित्सक घालतात, ती याच कारणाने. हाडांपलीकडचे नुकसान सर्वांना ठाऊक असते, म्हणून त्याचा विस्तार करत नाही. सिगरेटच्या धुरात ७,००० हून अधिक रसायने असून त्यांतील सुमारे ७० कर्करोगकारक आहेत, आणि तेंदूच्या पानात गुंडाळल्यामुळे विडी ‘नैसर्गिक’ व सौम्य ठरत नाही. उलट ती विझू नये म्हणून वारंवार ओढावी लागते, त्यामुळे धूर अधिकच आत जातो.

गोळ्यांनी धूम्रपानाचे पाप फेडता येईल, ही कल्पना नुसती भोळी नाही; ती एकदा प्रत्यक्ष तपासून पाहिली गेली आहे. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या २९,१३३ पुरुषांवर झालेल्या आणि १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ‘अ’ जीवनसत्त्वाचे पूर्वरूप असलेल्या बीटा-कॅरोटीनच्या गोळ्या देण्यात आल्या, आणि गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग घटण्याऐवजी सुमारे १८ टक्क्यांनी वाढला. ‘ड’ जीवनसत्त्व असे घातक ठरलेले नाही, परंतु त्याच्याकडून चमत्काराचीही अपेक्षा धरू नये. अमेरिकेत २५,८७१ प्रौढांवर झालेल्या ‘व्हायटल’ चाचणीत रोज २,००० युनिट दिल्याने कर्करोगाचे किंवा हृदयविकाराचे प्रमाण कमी झाले नाही, आणि सर्वसाधारण निरोगी माणसांत अस्थिभंगही टळले नाहीत. ज्याला खरोखर तूट आहे त्याने ती भरून काढावी, हा या औषधाचा सरळ उपयोग आहे.

तूट आहे की नाही हे ठरवताना साधारणपणे दर मिलिलिटरला २० नॅनोग्रॅमपेक्षा कमी प्रमाण अपुरे मानतात. काही प्रयोगशाळा निकाल नॅनोमोलमध्ये देतात. त्या आकड्याला अडीचने भागले, की नॅनोग्रॅमचा आकडा मिळतो. अंगात काही तक्रार नसताना दरवर्षी ही तपासणी करत बसण्याची गरज नाही. हाडे दुखणे, स्नायूंची अशक्तता, वारंवार अस्थिभंग किंवा मूत्रपिंड-यकृताचा आजार असेल, तर मात्र ती अवश्य करावी.

आता उन्हाविषयी. सकाळचे कोवळे ऊन अंगावर घ्यावे, हा आपल्या घरांतील जुना सल्ला सुखद आहे, पण या कामापुरता तो फारसा उपयोगी नाही. सूर्य क्षितिजाजवळ असताना किरणांना वातावरणाचा जाड थर भेदून यावे लागते आणि अतिनील-ब किरण वाटेतच गळून जातात. म्हणून घड्याळापेक्षा स्वतःची सावली पाहावी. सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल, तेव्हाचे ऊन कामाचे. पुण्याच्या आसपास डिसेंबरात ही वेळ साधारण साडेअकरा ते दीड एवढीच मिळते. मे महिन्यात मात्र सकाळी पावणेदहापर्यंतच सावली पुरेशी आखूड झालेली असते, त्यामुळे विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात भर दुपारी बाहेर पडून उष्माघात ओढवून घेण्याचे काहीच कारण नाही. हात कोपरापर्यंत किंवा त्याहून वर, शक्य असल्यास पाय गुडघ्यापर्यंत उघडे ठेवून आठवड्यातून तीन-चार वेळा २० ते ३० मिनिटे ऊन घ्यावे. सावळ्या त्वचेला गोऱ्या त्वचेपेक्षा अधिक वेळ लागतो, आणि शहरातील धुरकट हवा असेल तर आणखी. त्वचा लाल होऊ लागण्यापूर्वी सावलीत यावे. बंद काचेच्या खिडकीतून येणारे ऊन मोजू नये, कारण काच हेच किरण अडवते. लंडन-मँचेस्टरकडे राहणाऱ्या मराठी कुटुंबांना हिवाळ्यात हा उपाय नाहीच. तेथील आरोग्यसेवा ऑक्टोबर ते मार्च या काळात सर्वांना रोज १० मायक्रोग्रॅम, म्हणजे ४०० युनिट, घेण्याचा विचार करण्यास सांगते.

अन्नातून हे जीवनसत्त्व थोडेच मिळते. बांगडा, तारली यांसारखे तेलकट मासे हा त्यातल्या त्यात चांगला स्रोत, त्याखालोखाल अंड्याचा पिवळा बलक; शाकाहारी घरात पिशवीवर ‘+एफ’ हे चिन्ह असलेले पोषक दूध पाहून घ्यावे. कॅल्शियमची बाजू मात्र आपल्या स्वयंपाकघरात भक्कम आहे. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, प्रौढांची रोजची गरज १,००० मिलिग्रॅमची आहे, आणि दूध, ताक, तीळ यांच्या जोडीने ती गाठता येते.

पुडीच्या बाबतीत सर्वांत मोठी चूक मोजण्याची होते. ६०,००० युनिटची मात्रा आठवड्यातून एकदा, बहुधा आठ आठवडे, अशी लिहून दिलेली असते. ती रोज घेतली गेल्याची उदाहरणे डॉक्टरांना नवी नाहीत. प्रौढ माणसाची रोजची गरज केवळ ६०० युनिट आहे आणि स्वतःच्या मनाने रोज ४,००० युनिटपलीकडे जाऊ नये, हे ध्यानात घेतले, की साठ हजारांचा अर्थ कळतो. हे जीवनसत्त्व चरबीत विरघळणारे असल्यामुळे जास्तीचे लघवीवाटे निघून जात नाही. ते साचते, रक्तातील कॅल्शियम वाढवते, आणि मळमळ, उलट्या, सतत तहान, वारंवार लघवी, बद्धकोष्ठता, पुढे मूत्रपिंडाचे नुकसान असा क्रम सुरू होतो. म्हणून दिनदर्शिकेवर वार नोंदवून, तेल-तुपाचा अंश असलेल्या जेवणासोबत पुडी घ्यावी. मुतखडा झालेला असेल किंवा क्षयरोगाचे उपचार चालू असतील, तर ते डॉक्टरांना आधीच सांगावे. पुडी चालू असताना कोणी वर इंजेक्शनही सुचवले, तर दोन्हींची बेरीज कोण करत आहे, हे विचारण्याचा रुग्णाला पूर्ण हक्क आहे.

पहिली पुडी घ्याल त्याच आठवड्यात धूम्रपान सोडण्याची तारीख ठरवावी. ती दोन आठवड्यांपेक्षा लांब नसावी. मधल्या दिवसांत प्रत्येक विडी-सिगरेटची वेळ, जागा आणि सोबत वहीत लिहावी. बहुतेकांच्या वहीत तीच तीन ठिकाणे पुन्हा पुन्हा येतात: सकाळी शौचाला जाण्यापूर्वी, अकराच्या सुमारास टपरीवर चहाबरोबर, आणि रात्री जेवणानंतर. यांतील अकराची वेळ आपल्या कामाची आहे, कारण ऊन घेण्याची वेळही तीच. टपरीपुढे उभे राहून ओढणाऱ्यालाही ऊन मिळतेच, असा युक्तिवाद करणारे वाचक भेटतात, आणि तो खोटाही नाही. म्हणूनच ती सुट्टी रद्द करू नये, फक्त जागा बदलावी. कचेरीच्या गच्चीवर किंवा मैदानात बाह्या वर सारून २० मिनिटे चालावे. धुराची तलफ एका वेळी साधारण तीन ते पाच मिनिटेच तीव्र राहते आणि चालण्यात ती निघून जाते. ठरलेल्या तारखेला एकदम थांबवणाऱ्यांना हळूहळू कमी करणाऱ्यांपेक्षा अधिक यश येते, असा अनुभव आहे. आदल्या रात्री घरातील काडेपेट्या, लायटर, रक्षापात्रे काढून टाकावीत. सुट्या सिगरेट व विड्या विकण्यास महाराष्ट्रात २०२० पासून बंदी असली, तरी टपरीवाल्याच्या भरवशावर राहू नये. त्यालाच ‘मला देऊ नकोस’ असे सांगून ठेवावे.

पहिले दोन-तीन दिवस सर्वांत कठीण असतात. चिडचिड, झोपमोड, भूक वाढणे, लक्ष न लागणे ही लक्षणे पहिल्या आठवड्यानंतर उतरू लागतात आणि बहुतेकांची दोन ते चार आठवड्यांत सरतात. येथे चहाविषयी एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. धुरातील रसायनांमुळे यकृत कॅफीनचा निचरा वेगाने करत असते. धूर थांबला, की तो वेग मंदावतो, आणि नेहमीचेच पाच कप दुप्पट जोराने लागू लागतात. छातीतील धडधड आणि उडालेली झोप ‘सिगरेट सोडल्यामुळे’ आली असे वाटून माणूस पुन्हा ओढू लागतो, म्हणून त्या दिवसापासून चहा-कॉफी निम्मी करावी. दम्यासाठी थिओफायलिन किंवा मानसिक आजारासाठी काही औषधे चालू असतील, तर त्यांची मात्राही याच कारणाने तपासून घ्यावी लागते.

जाग आल्यापासून अर्ध्या तासात पहिली सिगरेट लागत असेल, तर केवळ निर्धारावर विसंबू नये. निकोटिनचा च्युइंगम हा सोपा आधार आहे, पण तो नेहमीच्या गमसारखा चघळत राहिल्यास निकोटिन पोटात जाते आणि उचकी व जळजळ होते. झणझणीत चव येईपर्यंत सावकाश चावावे, मग गाल आणि हिरडी यांच्या मध्ये दाबून ठेवावे, चव गेली की पुन्हा चावावे. असे अर्धा तास चालू ठेवावे. गमच्या आधी १५ मिनिटे चहा, कॉफी, लिंबूसरबत घेऊ नये, कारण तोंडातील आम्लतेमुळे निकोटिन शोषले जात नाही. सर्वसाधारणपणे २ मिलिग्रॅमचा गम पुरतो; अतितलफेसाठी ४ मिलिग्रॅमचा गम, तसेच बुप्रोपिऑन व व्हॅरेनिक्लिन ही औषधे डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावीत. गम बारा आठवड्यांत कमी करत बंद करावा. १८००-११-२३५६ या राष्ट्रीय क्रमांकावर मोफत समुपदेशन मिळते. हा क्रमांक पाकिटावरच छापलेला असतो, पण पाकीट उघडणारी नजर सहसा तिथे जात नाही.

सिगरेट सोडून तंबाखू-चुना मळू लागणे, हा आपल्याकडचा खास धोका आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातील ३.८ टक्के प्रौढ धूम्रपान करणारे होते, तर २४.४ टक्के धूरविरहित तंबाखू खाणारे किंवा लावणारे. गुटखा, मावा आणि दात घासण्याच्या नावाखाली चालणारी मशेरी यांतूनही निकोटिन रक्तात जातेच, आणि तोंडाचा कर्करोग त्यांच्याच वाटेने येतो. तेव्हा वहीत त्यांचीही नोंद असावी. वजन चार-पाच किलोंनी वाढू शकते. तेवढ्यासाठी पुन्हा ओढण्यात अर्थ नाही, मात्र चरबी वाढली की ‘ड’ जीवनसत्त्व तिच्यात अडकते, म्हणून अकराचे चालणे थांबवू नये.

पन्नाशी उलटली, आता सोडून काय उपयोग, असे म्हणणाऱ्यांसाठी ब्रिटनमधील डॉक्टरांच्या पाहणीचा निष्कर्ष ठेवतो. रिचर्ड डॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५१ पासून पन्नास वर्षे हजारो डॉक्टरांची नोंद ठेवली. आयुष्यभर ओढणाऱ्यांचे आयुष्य सरासरी दहा वर्षांनी घटले, पण साठीत सोडणाऱ्यांना सुमारे तीन, पन्नाशीत सोडणाऱ्यांना सहा आणि चाळिशीत सोडणाऱ्यांना नऊ वर्षे परत मिळाली. मध्येच एखादी सिगरेट ओढली गेली, तर तारीख मोडली असे न समजता ती कुठे, कोणासोबत ओढली हे वहीत लिहून त्याच दिवशी पुन्हा थांबावे.

बारा आठवडे झाले, की २५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी आणि रक्तातील कॅल्शियम यांची फेरतपासणी करावी. त्याआधी केल्यास पातळी स्थिरावलेली नसते आणि पैसे वाया जातात. डॉक्टरांकडे जाताना अहवालासोबत वहीही न्यावी. पुड्या किती घेतल्या, शेवटचा गम कधी घेतला आणि शेवटची विडी कोणत्या तारखेला ओढली, हे तीन आकडे समोर असले, तर पुढची मात्रा रोजची १,००० युनिटची असावी की औषधच थांबवावे, हा निर्णय त्यांना नेमका घेता येतो.