गेमचं संगीत पियानोसाठी उतरवताना

माझ्याकडे पियानो शिकणारी मुलं परीक्षेच्या पीसेसबरोबर हल्ली स्वतः उतरवलेलं गेमचं संगीतही घेऊन येतात. मला ते मनापासून आवडतं, कारण त्या निमित्ताने ती कान देऊन ऐकायला लागतात. बहुतेकांची पद्धत एकच असते. कुठूनतरी मिळालेली मिडी फाइल (कुठला सूर कधी आणि किती वेळ वाजवायचा याची संगणकासाठीची नोंद) म्यूझस्कोर या नोटेशन लिहायच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडायची, थोडी साफसूफ करायची आणि छापायची. सूर बरोबर असतात, पण कागद वाचता येत नाही. माझा निकष साधा आहे: ज्याने तो गेम कधी पाहिलाही नाही, त्याला पहिल्या वाचनात चाल कळली पाहिजे.

आधी मूळ आवाज कसा तयार झाला ते समजून घ्या. जपानमध्ये १९८३ साली आलेल्या फॅमिकॉम या निन्टेन्डोच्या गेम कन्सोलच्या चिपमध्ये आवाजाचे पाच चॅनल होते: दोन पल्स आणि एक ट्रायँगल (ही ध्वनिलहरींच्या आकारांची नावं), एक नॉइज म्हणजे खरखर आणि एक सॅम्पल, म्हणजे रेकॉर्ड केलेले छोटे आवाज, वाजवणारा. सहसा पल्सवर चाल आणि तिची जोड, ट्रायँगलवर बेस म्हणजे खालचे सूर, नॉइजवर ताल. पल्सवर एका वेळी एकच सूर निघतो. म्हणून कॉर्डचा, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांचा, भास करायला तीन सूर इतक्या झपाट्याने फिरवायचे की कानाला ते एकत्र वाटावेत. मिडीत त्याचं चिमुकल्या सुरांचं जंगल होतं. तिथे सरळ कॉर्ड लिहा. दुसरी युक्ती प्रतिध्वनीची: पहिल्या पल्सची चाल दुसरा पल्स किंचित उशिरा आणि कमी आवाजात वाजवतो. ती उतरवू नका, ते काम पेडलवर सोपवा. ट्रायँगलचा आवाज कमीजास्त करता येत नाही, त्यामुळे बेसचे डायनॅमिक्स, म्हणजे कुठे मोठ्याने आणि कुठे हलक्याने, तुम्हालाच ठरवायचे आहेत. याच चॅनलवर सूर झर्रकन खाली घसरवून ड्रमचा ठोकाही काढतात. तो बेस समजून लिहिला की डावा हात उगाच उड्या मारत बसतो.

टेम्पोचं गणित करता येतं. हे संगीत बहुधा पडद्याच्या फ्रेमवर चालतं, सेकंदाला साधारण ६०. एका सेमीक्वेव्हरला (पाव बीट) ६ फ्रेम असतील तर क्रॉचेटला (एक बीट) २४, म्हणजे मिनिटाला १५० क्रॉचेट. सेकंदाला ५० फ्रेमच्या पाल (युरोपातली टीव्ही पद्धत) कन्सोलवर तोच प्रोग्रॅम काही न बदलता चालवला तर १५०चे १२५ होतात. म्हणून ऐकताय ते रेकॉर्डिंग कुठल्या कन्सोलचं आहे ते आधी बघा.

आता सगळ्यात जास्त गोंधळ होतो ती जागा. ४/४च्या बारमध्ये, म्हणजे चार बीटच्या एका खणात, तिसरा बीट डोळ्यांना दिसला पाहिजे. गेमच्या चाली ऑफबीटवर, म्हणजे दोन बीटच्या मध्ये, खूप खेळतात, त्यामुळे क्वेव्हर (अर्धा बीट), मग लागोपाठ तीन क्रॉचेट आणि शेवटी क्वेव्हर असा बार हमखास येतो. बेरीज बरोबर आहे, तरीही असा लिहू नका. मधला क्रॉचेट दुसऱ्या बीटच्या अर्ध्यावर सुरू होऊन तिसरा बीट ओलांडतो. तो फोडून दोन क्वेव्हर करा आणि टायने, म्हणजे दोन्ही एकच सूर म्हणून धरायच्या कमानीने, जोडा. वाजेल तेच, पण वाजवणाऱ्याला बारची मधली रेघ मनात ओढता येते. पहिल्या अर्ध्यातला क्वेव्हर-क्रॉचेट तसाच चालतो, तो फोडायची गरज नाही. स्विंग असेल, म्हणजे जोडीतला पहिला क्वेव्हर लांब आणि दुसरा आखूड वाजत असेल, तर प्रत्येक जोडी ट्रिपलेटमध्ये (बीटचे तीन भाग करून) लिहीत बसू नका. सरळ क्वेव्हर लिहा आणि सुरुवातीला टेम्पोशेजारी स्विंगची खूण करा.

शार्प-फ्लॅटचंही तसंच. सी मेजरमध्ये ए फ्लॅट, बी फ्लॅट आणि मग सी या कॉर्ड्सनी शेवट करणं गेमच्या संगीतात फार प्रिय आहे. सॉफ्टवेअर पहिली कॉर्ड जी शार्प, सी, डी शार्प अशी लिहू शकतं. पियानोच्या पट्ट्या त्याच, पण एकावर एक रचलेली कॉर्ड डोळ्यांना दिसत नाही. ए फ्लॅट, सी, ई फ्लॅट लिहा, हात आपोआप बसतो.

बाकी थोडक्यात. डायनॅमिक्स दोन स्टाफच्या (पाच रेघांच्या ओळींच्या) मधोमध, टेम्पो वर. पूर्ण रिकाम्या बारला होल रेस्ट (पूर्ण विरामाची खूण), मीटर म्हणजे बारमधले बीट बहुधा कितीही असोत. गेमचं संगीत गोल फिरत राहतं, पण पहिला इंट्रो बहुधा एकदाच वाजतो. म्हणून रिपीटची खूण इंट्रोनंतर टाका आणि दुसऱ्या एंडिंगमध्ये, म्हणजे दुसऱ्यांदा वाजवताना घ्यायच्या शेवटात, स्वतःचा शेवट लिहा. ‘हळूहळू विरत जावं’ एवढंच लिहून पियानोवाल्याला अधांतरी ठेवू नका.

अभिप्राय देताना मी आधी मूळ ऐकते, मग कागद समोर ठेवून स्वतः वाजवते. संगणकाकडून वाजवून घेतलं तर अर्ध्या अडचणी दिसतच नाहीत, त्याच्या बोटांना सगळं पोचतं. शेरा असा लिहा: ‘बार १७, डावा हात, तिसरा बीट. खालचा सी आणि त्याच्यापासून मोजून दहावा सूर ई एकत्र पोचत नाहीत. ई उजव्या हाताला द्या, किंवा सी आधी वाजवून पेडलवर धरा.’ ‘डावा हात अवघड वाटतो’ या शेऱ्याचं पोरांनी काय करायचं? आणखी एक, प्रत्येक शेऱ्यापुढे मी चूक, संकेत (लिहिण्याची रूढ पद्धत) की आवड असा एक शब्द लिहिते. चुकीचा सूर सुधारायलाच हवा. संकेत मोडायचा तर कारण हवं. माझी आवड मात्र त्यांनी खुशाल नाकारावी. तो अरेंजमेंट त्यांचा आहे.

ज्याला शेरे मिळाले त्याने सुराबद्दल वाद असेल तर ती जागा अर्ध्या वेगाने परत ऐकावी, बेस वेगळा आणि चाल वेगळी. दुरुस्त प्रत देताना कुठले बार बदलले ते वर लिहा. मध्ये एखादा बार वाढवला असेल तर तेही सांगा, नाहीतर माझे आधीचे सगळे क्रमांक एकाने सरकतात आणि मी भलत्याच बारवर पेन्सिल टेकवते.