फायरप्लेस पेटवण्याआधी धुराची वाट तपासा

फायरप्लेससमोर बसलं की सगळ्यांचे डोळे जाळावर असतात. जाळ दिसतो, म्हणून आपण त्याला आपोआप जपून असतो. घात होतो तो न दिसणाऱ्या दोन ठिकाणी: वर धुरांड्यात आणि दुसऱ्या दिवशी राखेच्या बादलीत.

१. धुरांडं तपासून घ्या

वर्षातून एकदा तरी, हंगामाआधी, जाणकाराकडून. धूर वर जाताजाता थंड होतो आणि आतल्या भिंतींवर डांबरासारखा काळा थर धरतो. हे क्रिओसोट. पुरेसं तापलं की तेच पेटतं. थर ३ मिलिमीटरचा झाला की सफाई करायलाच हवी. धुरांड्याच्या तोंडावर टोपी आणि जाळीही हवी, नाहीतर पक्षी आत घरटं करतात.

२. लाकूड वाळलेलंच घ्या

खरी मेख इथे आहे. लाकडातलं पाणी २० टक्क्यांच्या खाली असावं. ओलं लाकूड बरीच धग स्वतःला वाळवण्यातच घालवतं. जाळ मंद, धूर फार आणि क्रिओसोटची चंगळ. लाकूड फोडून रचा, वरून झाका, बाजू वाऱ्याला मोकळ्या ठेवा. किमान सहा महिने लागतात. कठीण लाकडाला वर्ष किंवा त्याहून जास्त. ओल मोजायचं यंत्र नसेल तर दोन ढलपे एकमेकांवर आपटा. वाळलेले टणकन वाजतात, ओले नुसते धप्प करतात. वाळलेल्या ढलप्याच्या टोकांना भेगाही दिसतात.

जुन्या कपाटाच्या फळ्या जाळायचा मोह सगळ्यांनाच होतो. आवरा. रंगवलेलं किंवा रसायन मुरवलेलं लाकूड, प्लायवूड, प्लास्टिक यांचा धूर विषारी असतो. रॉकेल-पेट्रोलचा तर थेंबही नको.

३. आधी धुरांडं गरम करा, मग पेटवा

धुरांड्याची झडप, म्हणजे डॅम्पर, पूर्ण उघडा. उघडली असेल असं धरून चालू नका, टॉर्च मारून बघा. थंड धुरांड्यात जड हवा बुचासारखी बसलेली असते. कागदाची सुरळी पेटवून झडपेखाली धरा. ज्योत आधी घुटमळते, कधी तुमच्याकडेच वळते, आणि मग एकदम वर ओढली जाते. वाट मोकळी झाली. तरीही धूर खोलीत येत असेल तर स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट पंखा बंद करा आणि खिडकी बोटभर उघडा.

आता खाली जाड ओंडके, त्यावर बारीक ढलपे, सगळ्यात वर काटक्या. पेटवायचं वरून. मलाही पहिल्यांदा हे उफराटंच वाटलं होतं. पण खालच्या लाकडाचा धूर वरच्या जाळातून जाताना बराचसा जळून जातो.

४. जळत असताना

समोर जाळी लावा. पडदे, गालिचे, वाळत घातलेले कपडे किमान एक मीटर लांब. काचेचं दार असेल तर जाळ विझल्यावरही बराच वेळ ते चटका देतं. घरात लहान मूल असेल तर आडोसा हवाच. आग तशीच ठेवून झोपायला जाऊ नका.

कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास, म्हणून अलार्म बसवा. घरात एकाहून जास्त जणांचं डोकं दुखायला लागलं, मळमळलं, गरगरलं, तर कारण शोधत बसू नका. सगळे बाहेर पडा. बार्बेक्यूचा कोळसा हा वायू भरपूर सोडतो, तो आत पेटवूच नका.

धुरांड्यातून आगगाडी धडधडत गेल्यासारखा आवाज आला तर क्रिओसोट पेटलंय असं समजा. पाणी ओतू नका, तापलेलं अस्तर तडकतं. घराबाहेर पडा आणि अग्निशमन दलाला बोलवा.

५. राख

निखारे पूर्ण विझेपर्यंत झडप बंद करू नका. राखेवर हात धरला तर गार लागते. चिमट्याने जरा उकरा, आत लाल डोळा उघडतो. राख निखाऱ्याला पांघरुणासारखी सांभाळते, तो तीन-चार दिवसही जिवंत राहू शकतो. म्हणून घट्ट झाकणाची पत्र्याची बादली घ्या आणि ती घरापासून तीन मीटर लांब, मोकळ्या जमिनीवर ठेवा. कागदी पिशवी, प्लास्टिकचा डबा, व्हॅक्यूम क्लीनर यांतलं काहीही नको. सगळी राख मात्र उपसू नका. तळाशी बोटभर राहू दिली की पुढचा जाळ लवकर धरतो.